मंदाताईचा घसा

मंदाताईच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत मी राहायला आले, त्याच संध्याकाळी मला वाटलं की शेजारची बाई फार आजारी आहे. आमच्या हिंगोलीकडे बाई असा आवाज काढते ती एक तर बाळंतपणात, नाहीतर घरातलं माणूस गेल्यावर. आधी खोल कुठेतरी घुमणं, मग वर चढता चढता मध्येच चिरफाळून जाणं. मी मुळातच घाबरट. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी. परक्या गावात पहिल्याच दिवशी शेजारी कुणाचं काही झालं, तर लोक माझ्या पायगुणावर ढकलतील या भीतीने मी पातेलंभर पाणी तापवलं आणि धावले.

दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध चाळिशी उलटलेली एक उंच बाई पोटावर हात ठेवून, वर पंख्याकडे बघत गात होती. इंग्रजीत. माझ्या मागून एक म्हातारा आला. त्याच्या हातात स्टीलचा पेला होता. "सर गो जरा," असं मला म्हणून तो आत गेला आणि पेला तिच्या तोंडापुढे धरला.

"घशासाठी. घे."

गाणं थांबलं. "बाबा, बसलेला नाहीये घसा. मी मुद्दाम करते तसं."

"हां. घे."

पेला टेबलावर ठेवून तो निघून गेला. बाईने माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघितलं.

"आणि तू काय आणलंयस?"

"गरम पाणी."

"ठेव तिथंच," ती म्हणाली. "आता दोघं मिळून बरी करा मला."

पेल्यात ज्येष्ठमधाचा काढा होता. पुढे इतकी वर्षं मी त्या काढ्याचा वास घेतला की आजही कुठे ज्येष्ठमध उकळत असला, तर मला आधी ताईचं चिडलेलं तोंड दिसतं.

म्हातारा म्हणजे गोताडबुवा, ताईचे वडील. मिरजोळ्याच्या पलीकडे भातखाचरांच्या कडेला त्यांची वाडी आहे. तिथून चालत एमआयडीसीत जाता येतं, म्हणून मी ती खोली धरली होती. मासळी साफ करून गोठवायच्या कंपनीत मला काम मिळालं होतं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला जे मिळतं ते. बुवांच्या घरात मात्र तीन पिढ्या भजन. आजोबा बुवा, वडील बुवा, ताईचा मोठा भाऊ दत्तादादा पखवाजाला. दादा जयगडच्या बंदरावर नोकरीला होता, पण वाडीत भजन असलं की पाळी बदलून यायचा.

या भजनाची एक रीत आहे आणि ती सांगितल्याशिवाय ताई कळायची नाही. बुवा पेटीवर बसून ओळ दोनदा म्हणतो आणि थांबतो. मग मागे बसलेला कोरस ती ओळ उचलतो. वाडीतलं पोर धड बोलायच्या आधी ओळ उचलायला शिकतं. शेवटी गजर लागतो, लय चढत जाते, आणि गजर पुरा होईपर्यंत बुवाने पेटी सोडायची नसते. घराला आग लागली तरी नाही, असं दत्तादादा म्हणायचा. बायकांनी माजघरात बसायचं. ऐकायचं, चहा करायचा, प्रसादाला बाहेर यायचं.

"मी सगळं दाराआडून शिकले," ताई सांगायची. "त्यामुळे माझे कान मोठे आणि मान वाकडी."

बारावीनंतर ती मुंबईला मावशीकडे गेली आणि एका हॉटेलात रिसेप्शनवर लागली. तिथे संध्याकाळी एक म्हातारा गोवेकर पियानो वाजवायचा. फोन खाली ठेवता ठेवता ही त्याच्या सुरांत सूर मिसळून गुणगुणायची. एकदा त्याने वाजवणं थांबवून विचारलं, "तुझ्या घरी कोण गातं?" ही म्हणाली, "माझ्याशिवाय सगळे." त्याच माणसाने तिला जॅझ शिकवलं, सोल शिकवलं. मग हॉटेलं झाली, मग प्रवासी जहाजं झाली. मंदाकिनी गोताडची मँडी झाली. काळ्या चमकीच्या झग्यातला तिचा एक फोटो होता. मागे समुद्र आणि हातात माईक. त्यातली बाई आमच्या ताईसारखी दिसायची, फक्त चिडलेली नव्हती.

आई गेली तेव्हा ती परत आली. बुवा एकटे पडले होते आणि दत्तादादाचं बिऱ्हाड जयगडला. "तात्पुरती आलेय," ती म्हणायची. मी राहायला गेले तेव्हाही ती तात्पुरतीच आलेली होती.

मला त्या गाण्यातलं काय कळणार. एकदा मी विचारलं, तर भाकरी थापता थापता तिने समजावलं. "जॅझ म्हणजे ओळखीची चाल घेऊन घरातून निघायचं, भलत्याच पाणंदीत शिरायचं आणि बरोबर स्वतःच्या दारात परत यायचं. आणि सोल म्हणजे आवाज घासायचा. गुळगुळीत आवाज खोटं बोलू शकतो. घासलेल्याला ते जमत नाही." मग तवा बघून म्हणाली, "रेखे, जळली भाकरी. तुझ्यामुळे."

चिडणं हा तिचा बाराही महिन्यांचा धंदा होता. शेजारच्या कुकरची शिट्टी बेसूर म्हणून चिडायची. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला की तो सूर स्वतः गाऊन दाखवायची आणि सांगायची, "हा असा हवा होता." कार्यक्रमाला जाताना झग्यावर रेनकोट चढवून स्कूटरवर बसायची. उंच टाचेच्या चपला पिशवीत. स्टेजच्या शेवटच्या पायरीवर त्या घालायच्या, आणि उतरताना पहिल्याच पायरीवर काढायच्या. गाण्याआधी तळलेला बांगडा खायची. गाणारे असलं काही खात नाहीत म्हणतात. "त्यांना भूक लागत नसेल," ती म्हणायची.

तिच्या खोलीत फळीवर काही नसायचं. मी एकदा हौसेने प्लास्टिकची फुलं आणून ठेवली, तर तिने ती माझ्याच हातात परत दिली. "रिकामी जागा दिसली की भरायची, ही काय सवय तुम्हा लोकांना? गाण्यात तेच, घरात तेच."

पण माझ्यावर तिचे उपकार आहेत. कंपनीत सुपरवायझरसमोर माझा आवाज फुटायचा नाही. आई आजारी होती, गावाला जायचं होतं, आणि मी रजा मागायला जाऊन नुसती उभी राहून परत आले. ताईने मला अंगणात दगडी गडग्याजवळ उभं केलं आणि स्वतः लांब गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली. "तिथून रजा माग. ओरडायचं नाही. पोटातून." मी मागितली. "नाही मिळणार," ती तिकडून म्हणाली. "श्वास अर्धाच घेतलास. अर्ध्या श्वासाला अर्धीच रजा." अंधार पडेपर्यंत मी त्या गोठ्याकडे रजा मागत होते. गुरंसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मला रजा मिळाली. आईची भेट झाली ती त्यामुळे.

तिचं स्वतःचं मात्र काही जमत नव्हतं. समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर तिला शनिवारी गायला बोलवायचे. मी सोबतीला जायची, पर्स सांभाळायला. ती डोळे मिटून गात असायची आणि मॅनेजर स्टेजखालून हात हलवायचा. "मॅडम, जरा उठावाचं घ्या. गेस्ट जेवतायत." उठावाचं म्हणजे नाचायचं. एका हळदीच्या कार्यक्रमात तर तिचं पहिलं गाणं संपायच्या आत डीजे सुरू झाला. येताना स्कूटरवर ती घाट उतरल्यावर म्हणाली, "जहाजावर लोक जेवायचेच. पण घास तोंडाशी थांबायचा कधीतरी. एकदा तरी थांबायचा."

तरी याचं तिला फार नव्हतं. तिला एकच हवं होतं, आणि ते मला सांगून टाकलं होतं तिने. बुवांनी तिचं एक गाणं बसून पुरतं ऐकावं. वाईट म्हणावं हवं तर, पण पुरतं ऐकून म्हणावं. आणि ते होत नव्हतं. ती गायला लागली की बुवा पडवीत येऊन बसायचे. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर. मी खिडकीतून बघायची. मग ती जागा यायची, ती आवाज घासून, चिरून फोडायची ती. आणि बुवा उठायचे. थेट चुलीकडे. गाणं संपताना पेला हजर.

"माणूस गातोय तिथून उठून जातात," ती मला म्हणायची. "नेमका जिथं मी मी असते तिथं."

मी एकदा भीतभीत म्हणाले, "काळजीनं देतात, ताई."

"काळजी म्हातारीची करायची असते. गाणारीचं ऐकायचं असतं."

शेवटी तिने शहरात एका शाळेचा हॉल घेतला. गिटारचा क्लास चालवणारे एक सर आणि ऑर्केस्ट्रातला एक कीबोर्डवाला, असे दोघे साथीला. दत्तादादाने पखवाजावर यावं म्हणून तिने फार मागे लागून बघितलं. "माझा हात तुझ्या गाण्यावर पडायचा नाय, बाय," तो म्हणाला. "तू समेवर येतंस कुठं? येता येता पुढं निघून जातंस." पण वाडीला त्याने निरोप दिला, आणि वाडी आली. टेम्पो करून. आपली गोताडांची मंदा गाणार म्हटल्यावर भजनमंडळ धुतलेल्या शर्टांत पुढच्या दोन रांगा धरून बसलं. बुवा अगदी मधोमध. शांतारामकाका, म्हणजे कोरसचा म्होरक्या, त्यांच्या शेजारी.

पहिली दोन गाणी बरी गेली. तिसरं तिचं आवडतं. त्यात ती एक ओळ म्हणते, तीच पुन्हा म्हणते आणि थांबते. पूर्ण थांबते. गिटार नाही, काही नाही. त्या रिकामेपणासाठीच ते गाणं आहे, असं ती मला महिनाभर सांगत होती.

तिने ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. थांबली.

आणि पुढच्या दोन रांगांनी ओळ उचलली.

दणक्यात. शब्द कुणालाच कळले नव्हते, पण चाल नेमकी धरली होती. शांतारामकाकांचा हात हवेत. दोघांच्या पिशवीत झांजा होत्या, त्या कायम असतातच, त्याही निघाल्या. सगळे सुरात होते, हे आणखी वाईट. मागच्या रांगांत शहरातली माणसं हसायला लागली. ताईने पुढची ओळ घेतली, दोनदा म्हटली, थांबली. पुन्हा तेच, आता टाळ्यांसकट.

तिने हात वर केला. "थांबा," ती म्हणाली. "हे माझं एकटीचं आहे."

शांतारामकाकांनी झांज पिशवीत ठेवली. ठेवतानाही ती किणकिणली, तेवढाच आवाज. ताईने डोळे मिटले आणि ते गाणं तिने पुरं केलं. मी आजवर ऐकलं त्यात तेच सगळ्यात चांगलं. नेमक्या जागी आवाज फोडला. मग तिने डोळे उघडून पहिल्या रांगेत बघितलं. मधली खुर्ची रिकामी होती.

बुवा बाहेर चहाच्या टपरीवर होते. टपरीवाल्याला बाजूला सारून त्याच्या स्टोव्हवर ज्येष्ठमध उकळत होते.

परत येताना टेम्पोत मी मंडळींसोबत बसले होते. शांतारामकाका म्हणाले, "माणूस ओळ दोनदा म्हणतो नि थांबतो, म्हंजे काय? आमी काय तिचा तोंड बघत बसायचा?" त्यात राग नव्हता. खरंच विचारत होते. पण पुढे त्याचा राग झाला. ताई दुकानात निघाली की ओट्यावरून कुणीतरी म्हणायचं, "एकटीच काय गो? कोरस नको?" ती मान ताठ करून जायची. घरी येऊन मला म्हणायची, "यांचं चुकलं नाही. माझंही चुकलं नाही. मग हे असं कसं झालं, सांग."

त्याच सुमारास मस्कतच्या एका हॉटेलातून तिला विचारणा आली होती. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

गणपतीत मंडळ वाडीतल्या घरोघरी भजन करत जातं. भांडण असो, काही असो, घर वगळायचं नाही, ही रीत. ठरल्या संध्याकाळी मंडळ आमच्याकडे आलं. बुवा पेटीवर, दादा पखवाजावर, शांतारामकाका ताईच्या दाराकडे पाठ करून. ताई माजघराच्या उंबऱ्याशी बसलेली, मी तिच्या मागे चहाचे कप मांडत.

गजर लागला. लय चढली. बुवांनी वरची ओळ घेतली आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवा. पेटी चालू, पखवाज चालू, आणि ओळ द्यायला कुणी नाही. ओळ नसेल तर कोरस काय उचलणार. सगळे बुवांच्या तोंडाकडे बघत होते. दादाच्या कपाळावर घाम आला होता.

ताईने उंबऱ्यावरून ओळ दिली. बसल्या जागेवरून, पोटातून. गणपतीचीच ओळ, पण आवाज तिचा, घासलेला, वर जाऊन फुटलेला. तिने ती दोनदा म्हटली. आणि थांबली.

एक क्षण कुणी हललं नाही. मग शांतारामकाकांनी उचलली. मान न वळवता. सवयीनेच असेल. त्यांच्या मागून सगळे.

ती ओळ देत गेली, ते उचलत गेले. मी बुवांकडे बघत होते. त्यांना उठता येत नव्हतं. गजर लागला होता, पेटी सोडायची नव्हती. खाली वाकून ते तिच्यासाठी पेटी वाजवत होते. ती जिथे आवाज फोडायची तिथे त्यांचं बोट एका पट्टीवर दाबून थांबायचं, आणि ती उतरली की मगच सुटायचं. पुरतं ऐकलं त्यांनी. शेवटपर्यंत.

आरती झाली, प्रसाद झाला. मला वाटलं, आता कुणी काही बोलेल. शांतारामकाका म्हणाले, "चायत साखर कमी हाय." दत्तादादा पखवाजाला खोळ चढवत म्हणाला, "बाबांचा गळा आला असता जाग्यावर. तू कशाला मधी पडलीस?"

"कोरस थांबला होता, दादा."

"थांबू द्यायचा होता."

बुवा खोकत खोकत गोठ्याकडे गेले.

सकाळी ताईच्या दारात पेला होता. झाकण ठेवलेला, गरम. तिने तो उचलला आणि काढा जास्वंदीच्या मुळाशी ओतून दिला. "अजून घसाच," ती म्हणाली. "काल पुरतं बसून ऐकलं, आणि अजून त्यांना माझा घसाच दिसतो." मग तिथंच अंगणात उभं राहून तिने मस्कतला फोन लावला.

निघायच्या दिवशी बुवा सकाळपासून घरात नव्हते. ताई वाट बघत नव्हती, म्हणजे तसं ती मला तीनतीनदा सांगत होती. मला खोलीची किल्ली दिली, फळीवर काही ठेवू नकोस म्हणाली, आणि आम्ही दुपारी हायवेच्या फाट्यावर मुंबईच्या बसची वाट बघत उभ्या राहिलो. बस लांब चढावर दिसायला लागली तेवढ्यात रिक्षा आली आणि बुवा उतरले. शर्टाला घाम, हातात कागदाची पुडी. पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या कापलेल्या.

"तिकडं मिळतो न मिळतो," ते म्हणाले. "गाऊन झालं की चघळ."

ताईचा चेहरा मला माहीत होता. "बाबा, किती वेळा सांगू? माझा घसा बसत नाही. मी मुद्दाम..."

"मुद्दाम फोडतंस ता कळतं मला," बुवा म्हणाले. "पयल्या दिवसापासून कळतं. फोडलेला गळा मागाहून दुखतो. म्हणून देतो."

ताई बघत राहिली. बस येऊन थांबली, कंडक्टर दार उघडून ओरडायला लागला, तरी बघत राहिली.

"मग दर वेळी मध्येच उठून का जात होतात?"

"अगो, उकळायला येळ लागतो," बुवा म्हणाले. "गाणा संपतो तवर हातात गरम नको?"

ती पुडी मुठीत घेऊन बसमध्ये चढली. मी बॅग वर दिली. आमच्या बाजूची खिडकी तिला मिळाली, पण तिने आमच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. कानापर्यंत लाल झाली होती, कुकरच्या शिट्टीवर चिडायची त्याच्या दसपट. पुडी उघडून तिने एक काडी काढली आणि दाताखाली कडकन मोडली.

बुवांना लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला विचारलं,

"घेतलान काय गो?"

"घेतली, बुवा."

"हां."

बस हलली. काचेमागे समोर बघत ती ताठ बसली होती, आणि तिचा जबडा रागारागाने चालला होता.